पणजीत तीन दिवस: सहलीची दुसरी यादी

परीक्षा संपली की मंडळाची सहल काढायची हे यंदा बैठकीत एकमताने ठरलं. कुठे जायचं यावर मात्र पंधरा मिनिटं गोंधळ. एकाने लिस्बन म्हटलं, दुसऱ्याने त्याला खिशात किती आहेत ते विचारलं, आणि मग सगळ्यांनी मिळून लिस्बनचं पणजी केलं. धारवाडहून दीडशेच्या आसपास किलोमीटर, पासपोर्ट नको, शिवाय पोर्तुगीज चर्च, पोर्तुगीज घरं, पोर्तुगीज खाणं सगळं आहेच की! रात्री ग्रुपवर यादी आली: बीच, कॅसिनोच्या बोटीसमोर फोटो, फोन्तेन्यसच्या रंगीत भिंतींसमोर फोटो, मासे आणि शेवटी ठळक अक्षरांत 'वाईन'. त्याखाली एकाने आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीला उद्देशून लिहिलं, 'हे खातं तुझ्याकडे. तुमच्यात चालतंच की!'

मैत्रीण कॅथॉलिक आहे. आजोबा रेल्वेत होते, त्यामुळे घर हुबळीला रुजलेलं. त्या वाक्याखाली सतरा जणांनी हसरे चेहरे टाकले. त्यातला एक माझा.

तिने उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी सहलीच्या यादीतून नाव काढलं. मी कँटीनमध्ये गाठून विचारलं तेव्हा गिरमिट खाता खाता तिने शांतपणे सांगितलं, "माझा काका दारूने गेला. पाच वर्षं झाली. तेव्हापासून आई नाताळातसुद्धा घरी वाईन करत नाही. मनुका उकळून रस करते, तोच आम्ही पितो. आणि तुम्ही मला खातं देता." मला काही बोलता आलं नाही. तीही पुढे काही बोलली नाही, प्लेट संपवली आणि तासाला गेली.

हा लेख त्या दिवसापासून डोक्यात होता. माझं म्हणणं असं, की सहलीची यादी म्हणजे नुसता कार्यक्रम नसतो. ज्या गावाला आपण जातो तिथल्या माणसांबद्दल आपण काय धरून चाललो आहोत, ते त्या यादीत लिहिलेलं असतं. आमच्या यादीत गोवा म्हणजे घरच्यांपासून लांब मोकळं व्हायची जागा होती आणि तिथली माणसं म्हणजे त्या मोकळेपणाचे दुकानदार. म्हणून मी दुसरी यादी केली. ती आधी इथे मांडतो, मग मंडळाने काय ते ठरवावं.

कुणी म्हणेल, "अरे, सहल ती सहल. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" मान्य. मला इतिहासाचा तास घ्यायचा नाही. पण गोवा आपल्याला जेवढा परका वाटतो तेवढा तो नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. कर्नाटक कॉलेजची जुनी इमारत आपण रोज बघतो. ती मुळात सदर्न मराठा रेल्वेचं मुख्य कार्यालय होती. या भागातला कापूस मुरगाव बंदरात न्यायचा म्हणून १८८०च्या दशकात कॅसलरॉकवरून घाटातली रेल्वे झाली. कॅसलरॉकला ब्रिटिश हद्द संपायची, पोर्तुगीज हद्द लागायची आणि सामानाची झडती व्हायची. आजही गोव्याची भाजी बेळगावहून जाते. तिथे सरकारी बसवर 'कदंब' लिहिलेलं दिसेल, तर ते घराणं आपल्या बाजूचंच. बनवासीचे कदंब आपल्याला शाळेत होते, आणि गोव्याच्या कदंबांची हलशी खानापूर तालुक्यात आहे.

आणि घरातलंच बघा. पाव, बटाटा, काजू, अननस, कोबी, परात, घमेलं, चावी, बिजागरी, लिलाव, पगार. एवढंच काय, नाताळसुद्धा. हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आले. यातले कितीतरी आपल्या कन्नड मित्रांच्या तोंडीही आहेत. ज्या ब्याडगी मिरचीवर आपण एवढे फुशारतो, ती मिरची ही जात मुळात अमेरिकेतली, पोर्तुगीज जहाजांतून इकडे आली. म्हणजे जायच्या आधीच आपण निम्मे गोव्यात जेवून बसलो आहोत.

आता यादी.

आधी वेळ. डिसेंबर नको. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचं फेस्त, मग नाताळ आणि नवीन वर्ष. गर्दी आणि दर दोन्ही चढलेले. मार्चच्या मध्यावर जाऊ. ऊन असेल, पण काजूचा हंगाम असेल. त्याचं कारण पुढे येईल. जाताना बसने: रामनगर, अनमोड घाट, मोले, फोंडा, पणजी. राहायला मिरामारला युवक वसतिगृह आहे, तिथे आधी विचारू. येताना मडगावहून रेल्वे. दिवसाची गाडी मिळाली तर दूधसागर खिडकीतून दिसतो.

पहिला दिवस जुन्या गोव्याला. पणजीहून दहा किलोमीटर, कदंब बस जाते. वाटेत रायबंदरपर्यंत खाजणाच्या कडेने जो सरळ रस्ता लागतो तो पूल आहे हे लक्षातच येत नाही. १६३३-३४ साली बांधलेला, तीन किलोमीटरहून लांब. जुन्या गोव्यात सगळे बाँ जेझू बॅसिलिका आणि से कॅथेड्रल बघतात, आपणही बघू. बॅसिलिका १६०५ साली पूर्ण झाली आणि तिथे झेवियरचं शव आहे. से कॅथेड्रल सेंट कॅथरीनच्या नावाचं आहे, कारण २५ नोव्हेंबर १५१० ला, तिच्या सणाच्या दिवशी, आफोन्सो द आल्बुकर्कने विजापूरच्या आदिलशहाकडून हे शहर जिंकलं. पण मराठी मंडळ म्हणून आपण तिसऱ्या एका ठिकाणी जायलाच हवं. रस्त्याच्या कडेला एक नुसती कमान उभी आहे, तिच्यामागे काहीच नाही. ती सेंट पॉल कॉलेजची कमान. १५५६ साली भारतातला पहिला छापखाना या कॉलेजात आला. खरं तर तो निघाला होता ॲबिसिनियाला. गोव्यात थांबला आणि इथेच राहिला. आपण हे ई-मासिक काढतो, आपल्या धंद्याचं मूळ घर ते!

इथेच दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षं सोडता, गोव्यात इन्क्विझिशन होतं. देवळं पाडली गेली, पुस्तकं जाळली गेली, १६८४ साली तर लोकांनी कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावं असं फर्मान निघालं. सुंदर चर्च बघताना हे विसरायचं नाही. पण हे आठवून आपल्या वर्गातल्या मैत्रिणीकडे वळून बघायचंही नाही. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या फर्मानाचा जाब आज कुणाला विचारायचा? तिच्या पूर्वजांनाही ते फर्मान सोसावंच लागलं. त्यांची भाषा तीच होती. बॅसिलिकेत प्रार्थना चालू असेल तर मागे उभं राहायचं, खांदे-गुडघे झाकलेले हवेत, शवपेटीसमोर सेल्फी नाही. आपण आपल्या देवळात जे पाळतो तेच.

दुसरा दिवस पणजीचा, आणि तो पायी. मांडवीच्या काठाने सुरुवात करायची ती जुन्या सचिवालयापासून. पणजीतली ही फार जुनी वास्तू. आणि मूळची कुणाची? विजापूरच्या आदिलशहाची! पुढे व्हाइसरॉय इथे राहिले, गोवा मुक्त झाल्यावर विधानसभा इथे भरत होती. शेजारी आबे फारियाचा पुतळा आहे, संमोहनविद्येतला मोठा माणूस, कांदोळीचा. ॲलेक्झांडर द्यूमाने आपल्या कादंबरीत त्याच्यावरून पात्र केलं. पुतळा १९४५ साली रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवला. तिथून मिनेझिस ब्रागांझा संस्था जवळच आहे. प्रवेशद्वारातल्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशांची चित्रं आहेत, ती कामोंइशच्या १५७२ सालच्या 'लुझियादस' या महाकाव्याची. हा कवी स्वतः काही वर्षं गोव्यात होता. कवितेच्या फरशा कधी बघायला मिळणार आपल्याला? मग इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या नागमोडी पायऱ्या, आणि तिथून महालक्ष्मीचं देऊळ. पोर्तुगीज अमलात पणजीत देऊळ बांधायला परवानगी मिळाली ती आधी याला, १८१८ साली. चर्च आणि देऊळ दोन्ही एका सकाळीत बघावीत, म्हणजे या गावाची गोष्ट नीट कळते.

फोन्तेन्यसला सकाळी आठच्या आत जाऊ. आणि इथे माझी एक अट आहे. त्या पिवळ्या-निळ्या भिंतींच्या आत माणसं राहतात. त्यांची आजारी म्हातारी माणसं, तान्ही मुलं, ऑफिसची घाई, सगळं त्या खिडक्यांमागे चाललेलं असतं. लोक त्यांच्या पायऱ्यांवर बसतात, खिडकीत वाकतात, प्री-वेडिंगवाले कपडे बदलून बदलून तासन्‌तास उभे राहतात. शेवटी कंटाळून रहिवाशांनी 'फोटो काढू नये' अशा पाट्या लावल्या. लाईन बझारातल्या आपल्या कुणाच्या दारात रोज पन्नास अनोळखी माणसं उभी राहिली तर? म्हणून गल्लीतून चालायचं, हळू बोलायचं, कुणी दारात दिसलं तर 'देव बरे करूं' म्हणायचं. फोटो हवाच असेल तर आधी विचारायचं. तिथल्या सेंट सेबॅस्टियन चॅपेलमध्ये एक क्रूस आहे. आधी तो जुन्या गोव्याच्या इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. त्यावरच्या येशूचे डोळे मिटलेले नाहीत, उघडे आहेत. त्या क्रूसासमोर न्यायासाठी किती माणसं उभी केली गेली असतील! तिथे दोन मिनिटं गप्प उभं राहिलं तरी पुरे.

आता खाणं. सकाळी पोदेर सायकलवर भोंपू वाजवत येतो. पाव, उंडो, कांकण, कोंड्याची पोळी. आपली पोळी आणि गोव्याची पोळी वेगळी बरं का, मागताना घोटाळा होतो. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. पणजीचा सकाळचा नाश्ता म्हणजे पातळ भाजी आणि पाव. कॅफे ताटो १९१३ पासून हेच देतं. दुपारी माशाची थाळी, ज्यांना नको त्यांना खतखतें आणि सोलकढी. रात्री शाकुती, काफ्रेयाल किंवा विंदालू. काफ्रेयाल आफ्रिकेतून, मोझांबिकवरून आलं. विंदालूत 'आलू' नसतो. मूळ पोर्तुगीज नावात वाईन आणि लसूण आहे. जहाजावर मांस टिकावं म्हणून ते त्यात मुरवत. गोव्यात द्राक्षं कुठली? मग माडाच्या सुरेचा शिरका आला. म्हणजे आमच्या यादीतली ठळक अक्षरांतली 'वाईन' गोव्याच्या स्वयंपाकात कधीच शिरका होऊन बसली आहे!

शेवटी बिबिंक. नारळाचं दूध, अंड्याचा पिवळा बलक, मैदा, साखर, तूप. एक थर भाजला की त्यावर दुसरा, मग तिसरा. घाई करणाऱ्याला जमत नाही. २०२३ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. जाताना आपण धारवाडी पेढे घेऊन जाऊ, त्यांनाही ते आहे. आणि आठवा, पेढा करणारं ठाकूर घराणं प्लेगच्या काळात उन्नावहून इथे आलं. बाहेरून आलेली वस्तू गावाची कशी होते, हे पाव बघून शिकायला नको, आपल्या मिठाईवाल्याच्या दुकानात ते दिसतंच.

आणि आता ते खातं.

पहिली गोष्ट साधी आहे. गोव्यात एकवीस वर्षांखालच्या माणसाला दारू विकता येत नाही. आपल्या मंडळातले निम्म्याहून जास्त अठरा-एकोणीसचे आहेत. 'गोव्यात सगळं चालतं' हे कायद्याने तरी चालत नाही.

दुसरी गोष्ट. 'त्यांच्यात चालतं' म्हणजे नक्की काय? बैठकीत एकाने मला ऐकवलं, "अरे, काना गावच्या लग्नात येशूनेच पाण्याचा द्राक्षारस केला ना?" केला. चर्चच्या वेदीवरही द्राक्षारस असतो. पण लग्नघरी पाहुण्यांसमोर यजमानाची लाज राखणं वेगळं, आणि तीन दिवस ग्लासात बुडून राहणं वेगळं. मार्चचा मध्य म्हणजे बहुतेक वर्षी ख्रिस्ती उपवासकाळ असतो, चाळीस दिवसांचा. तेव्हा कितीतरी घरांत मांस सोडतात, दारू सोडतात. म्हणजे 'त्यांच्यात चालतं' म्हणत आपण जिथे जाणार, तिथे त्या वेळी ते लोक सोडून बसलेले असतील. आणि पिणारे काय फक्त एका धर्मात असतात? आपापल्या गल्लीतली दुकानं आठवा, संध्याकाळी सातची रांग आठवा. दारूने उजाडलेली घरं आपल्या सगळ्यांच्या नात्यात आहेत. फरक एवढाच, की आपल्या काकाबद्दल आपण दबक्या आवाजात बोलतो आणि तिच्या काकाचा विनोद करतो.

मग पेयांचं काय? म्हणूनच मार्च म्हटलं. काजूच्या बोंडांचा ताजा रस, त्याला नीरो म्हणतात. बोंडं चुरडून गाळून आलेला, न आंबलेला, गोड-तुरट. हंगामातच मिळतो आणि ताजाच प्यावा लागतो, लगेच आंबायला लागतो. त्याच रसाची पुढे पहिल्या धारेची हुर्राक होते आणि नंतर फेणी. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ही कारागिरी आहे, गावोगावच्या भट्टीवाल्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं पोट आहे, तिला नाक मुरडायचं कारण नाही. भट्टी कशी चालते हे बघायला मला आवडेल. गोव्यात 'पोर्ट' नावाची गोड वाईनही मिळते. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली, पोर्टो शहरावरून नाव पडलेली. हेही माहीत असावं. पण मंडळाच्या वर्गणीतून ग्लास नको. ज्याचं वय झालंय आणि ज्याला घ्यायची आहे, त्याने ती कधीतरी स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावी. कुणाच्या धर्माच्या नावावर घेऊ नये.

यावर मित्रांनी मला 'पाद्री' हे नाव ठेवलं. हरकत नाही, तोही पोर्तुगीजच शब्द आहे.

तिसरा दिवस परतीचा, पण मडगावला गाडी धरायच्या आधी एक वाकडी वाट. सासष्टीतलं राशोल. तिथे आजही सेमिनरी आहे, म्हणून आधी पत्र लिहून परवानगी घेऊ. १५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात आला, मरेपर्यंत चाळीस वर्षं इथेच राहिला आणि त्याने मराठीत ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. ते १६१६ साली राशोलला रोमन लिपीत छापलं गेलं. त्या काळच्या तीनही आवृत्त्यांची एकही प्रत आज उरलेली नाही, पण ख्रिस्ती घरांनी हाताने उतरवून ते जपलं. पोर्तुगीजांच्या राज्यात, इंग्रज माणसाने, मराठीत लिहिलेलं पुराण! ख्रिस्ती कॉलेजातल्या मराठी मंडळाने गोव्याला जावं आणि राशोल चुकवावं, हे मला तरी पटत नाही. 'तुमच्यात' आणि 'आमच्यात' ही वाटणी निदान त्या पुस्तकापुरती तरी कशी करणार?

ही झाली माझी यादी. तीत बीच नाही असं नाही. दोन्ही संध्याकाळी मिरामारच्या वाळूत बसू, बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीने नदीपलीकडे जाऊन येऊ, चालत्या माणसाला तिकीट लागत नाही. धमाल कमी होईल असं मला वाटत नाही. उलट सगळे येतील, आणि सहलीत सगळे असणं हीच तर धमाल.

मैत्रिणीला मी माफी मागितली. हसरा चेहरा पुसून टाकला होता, पण तिने तो आधीच बघितला होता. तिने हा लेख वाचायला घेतला. 'बिबिंक'पाशी थांबून म्हणाली, "माझी आजी याहून बरं करते." काकाबद्दल लिहिलेलं चालेल का, असं विचारलं तर थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "लिही. नाव घालू नकोस." येणार का, याचं उत्तर अजून दिलेलं नाही. फक्त यादी परत देताना तिसऱ्या दिवसावर बोट ठेवून म्हणाली, "हा रविवार येतो काय बघ. रविवार असेल तर सकाळी मला मिस्साला जायला वेळ ठेवा."

मी कॅलेंडर बघितलं. रविवारच आहे. राशोलची वेळ एका तासाने पुढे ढकलली आहे.